फकीरचाचांचे निरंक सोमवार

चिखलीत कुणाला घड्याळ लावायचं असेल, तर त्यानं सोमवारी सकाळी डॉक्टर स्नेहलताबाईंच्या दवाखान्यासमोर उभं राहावं. दवाखान्याचे कंपाउंडर फकीर मोहम्मद, म्हणजे अख्ख्या गावाचे फकीरचाचा, चष्मा कपाळावर चढवून एका कागदाचा मोबाइलवर फोटो काढताना दिसले, की समजावं दहा वाजले. एस.टी. उशिरा येईल, कापसाचा लिलाव रेंगाळेल, पण हा फोटो कधी नाही.

कागद आरोग्य खात्याचा होता. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही लेकराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ते लेकरू ज्या दवाखान्यात येईल त्यानं लगेच कळवायचं. आणि आठवडाभरात असं एकही लेकरू आलं नसेल, तर 'आलं नाही' हेसुद्धा दर सोमवारी कळवायचं. पोलिओ देशातून गेला त्याला वर्षं झाली. पण गेलेला नकोसा पाहुणा मागच्या दारानं परत तर शिरत नाही ना, हे बघायला कुणीतरी खिडकीत बसून राहावं लागतं. स्नेहलताबाईंच्या दवाखान्याच्या खिडकीत एकवीस वर्षं फकीरचाचा बसले होते. कागदावरच्या रकान्यात ते वळणदार अक्षरात एकच शब्द लिहीत: निरंक.

"निरंक म्हंजे काय जी चाचा?" औषधाची बाटली घ्यायला आलेल्या कुणीतरी एकदा विचारलं होतं.

"म्हंजे काहीच नाही. पण सरकारी काहीच नाही," चाचा म्हणाले. "साधं काहीच नाही तोंडी सांगता येते. सरकारी काहीच नाही लिहून द्या लागते."

एकवीस वर्षांचे मिळून हजारावर सोमवार झाले. मध्यंतरी 'नियमित अहवालाबद्दल' म्हणून एक प्रमाणपत्र मिळालं. चाचांनी ते काचेत मढवून घरी बैठकीत लावलं. "लग्नाचा फोटो पेटीत, अन् काहीच झालं नाही याचं सर्टिफिकीट भिंतीवर," असं त्यांची बायको शकीला प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवायची.

चाचांची एक खोड मात्र शकीलालाही ठाऊक नव्हती. उन्हाळ्यात बायका वर्षाचे पापड एका बैठकीत लाटून ठेवतात, तसे चाचा पुढच्या काही आठवड्यांचे निरंक एका बैठकीत लिहून ठेवत. रोज रोज तवा कोण तापवते? डॉक्टरबाई दोन पेशंटांच्या मधल्या फटीत त्या गठ्ठ्यावर सह्या करत, आणि कागद हिरव्या फायलीत जात. मग सोमवारी एक कागद काढायचा, तारीख टाकायची, फोटो. आठवडा संपायच्या आत त्या आठवड्यात काही घडलं नाही असं लिहून ठेवणं बरोबर की चूक, हा प्रश्न कुणाला पडला नाही. ज्या गोष्टीनं एकवीस वर्षं काही बिघडत नाही, तिला आपण पद्धत म्हणतो.

जानेवारीतल्या एका सोमवारी हिरवी फाईल रिकामी निघाली. नवीन घाणा घालायचा होता. पावणेदहा झाले होते. चाचांनी खण उघडून कोऱ्या कागदांचं पॅड उचललं, तर खाली एक केसपेपर.

त्यांनी तो वाचला, मग चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा वाचला.

रेवती. वय चार वर्षे. डावा पाय, बुधवारपासून जोर नाही. खाली बाईंच्या अक्षरात: बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले.

सगळं आठवलं. मागचा नव्हे, त्याच्या मागचा शनिवार. बाजाराचा दिवस असावा तशी दवाखान्यात गर्दी. एका पोरानं चाचांच्याच पायजम्यावर उलटी केलेली. त्या धांदलीत बाई दारातून म्हणाल्या, "चाचा, ही कुलदीपच्या कागदात घाला हं." कुलदीप म्हणजे तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात हे कागद गोळा करणारा माणूस. चाचांनी केसपेपर नीट ठेवला. विसरू नये म्हणून अगदी पॅडच्याच खाली ठेवला. आणि सोमवारी पॅड उचललंच नाही, कारण त्या सोमवारचा निरंक फाईलमध्ये आधीच शिजून तयार होता. दहा वाजता चाचांनी त्याचा फोटो काढला होता. फोटो छान आला होता.

चाचा बोटं मोजू लागले. पाय गेला बुधवारी. गुरुवार एक, शुक्रवार दोन... दोन्ही हात संपले. आज बारावा दिवस.

नियम त्यांना पाठ होता. अशा लेकराच्या शीचे दोन नमुने लागतात, दोन्हींत किमान चोवीस तासांचं अंतर, आणि दोन्ही पाय लुळा पडल्यापासून चौदा दिवसांच्या आत. नंतर घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही, तर ते नव्हतंच की असून निघून गेलं, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणजे बुधवार संपला की त्या पोरीच्या पायाला 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. आणि 'हो' असलंच, तर तिच्यासोबत खेळणाऱ्या लेकरांचं काय?

टेबलाखाली कचऱ्याची बादली होती. पायानं सरकवली तर बरोबर हाताखाली येईल, एवढ्या अंतरावर. कागद एकच. बाईंच्या लक्षात नाही, कुलदीपला माहीत नाही. पोरगी बुलडाण्याला गेली असेल, तिथून कळवलं असेल, बरीसुद्धा झाली असेल. एका चहाच्या वेळात फकीरचाचांनी स्वतःला इतकी चांगली कारणं दिली, की आयुष्यात कुणाला दिली नव्हती. चहावर साय धरली. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

"चाचा, तब्येत बरी आहे ना?" कुलदीपचा आवाज खरंच घाबरलेला होता. "दहा पाच झाले. फोटो नाही आला!"

"तुले दोन मिंटात फोन करतो बाप्पा," चाचा म्हणाले, आणि केसपेपर घेऊन आत गेले.

"ताई, म्या घोळ केला."

जुन्या डॉक्टरांच्या या मुलीला त्यांनी दोन वेण्यांत शाळेला जाताना पाहिलं होतं, म्हणून ते तिला ताईच म्हणत. स्नेहलताबाईंनी कागद वाचला. बाहेर एक बाळ रडून रडून थांबलं.

"सह्या मीही न बघताच करत आले," त्या म्हणाल्या. "आणि त्याच दिवशी मी स्वतः फोन करायला हवा होता. मला वाटलं बुलडाण्याचे कळवतील, त्यांना वाटलं असेल मी कळवीन. लावा कुलदीपला." मग कागद परत देत, "पोलिओ नसेलच, चाचा. पण 'नसेल' चालत नाही."

"हाव ताई. लोकाईले हेच तर एकवीस वर्षं सांगून राह्यलो."

कुलदीपनं बुलडाण्याला विचारलं. रेवती नावाची पोरगी तिथे पोचलीच नव्हती. केसपेपरवरचा मोबाइल बंद. पत्ता चिखलीतलाच होता, म्हणून चाचा सायकल काढून निघाले. दार एका आजीनं उघडलं. पत्ता तिचा, पोरीच्या आईच्या माहेरचा.

"रेवती? ते गेली न तिच्या घरी, सोनाळ्याले. काऊन?"

"बुलडाण्याले काऊन नाही नेली माय?"

"बुलडाण्याले?" आजीनं पदर खोचला. "कोरोनात माह्या भावाले तिकडंच नेलं होतं. दारावर पत्रे ठोकले. पंधरा दिवस कोणी मीठ देल्लं नाही आमाले. पोरीचा पाय लचकला, तेल लावून चोळून राह्यलो, होईन बरा. तुम्ही कायले आले?"

जावयाचं नाव नागसेन, एवढं मिळालं. कुलदीपनं सोनाळ्याच्या आरोग्यसेविकेला, कौसरला, फोन केला. संध्याकाळी कौसरचा उलटा फोन आला: नागसेन नावाचे चौघं सापडले, तिघं म्हणतात घरी कुणी लंगडत नाही, आणि चौथ्या घराचं दार तर तिची पांढरी साडी बघूनच लागलं.

"म्या जातो," चाचा म्हणाले. "त्या पोरीले म्या पाह्यलं. माह्या हातची पेपरमिंटची गोळी खाल्ली तिनं."

शकीलानं पहाटे भाकरी आणि ठेचा बांधून दिला. "माह्या माहेरी बाळापूरले चला म्हटलं की गुडघे दुखतात," ती म्हणाली. "अन् पराया पोरीची शी आणाले सातपुड्याच्या पायथ्याशी!" पण डबा दोन वेळचा होता, आणि वरून एक जास्तीची भाकरी.

चिखलीहून खामगाव, खामगावहून शेगाव, शेगावहून वरवट बकाल, तिथून काळीपिवळी जीप. प्रत्येक बस सुटायच्या आधी चाचांना वाटे की ड्रायव्हर मुद्दाम पान खातो आहे. शेजारच्या माणसानं "कुठं चालले चाचा?" विचारलं, तेव्हा त्यांनी "कामानं" एवढंच सांगितलं. काम कसलं, हे सांगायला तोंड उघडलं असतं तर माणसानं जागा बदलली असती.

सोनाळ्याला कौसर निळी बर्फाची पेटी खांद्याला लावून उभी होती. "तुमीच का निरंकवाले चाचा? आमच्या ट्रेनिंगमधे तुमचं नाव घेतात. म्हणे चिखलीचा सोमवार चुकत नाही."

चाचांनी जमिनीकडे पाहिलं. "चुकते माय. चाल लवकर. अकरा वाजले."

पहिल्या घरी नाही. दुसऱ्या घरी नाही. तिसरं दार थोडं किलकिलं झालं, आणि आतल्या बाईच्या तोंडून निघून गेलं, "चाचा? तुमी इथं कसे?"

मग तिच्या लक्षात आलं की आपण लपलो होतो. पण उशीर झाला होता. तिच्या मागे भिंतीला हात टेकून, डावा पाय ओढत एक पोरगी पुढे आली आणि चाचांच्या खिशाकडे बघू लागली. ती गोळी ओळखत होती.

बाईचं नाव अनुपमा. तिचा नवरा नागसेन अंगणातून तरातरा आला. "कोणाले घेऊन आले हे? पत्रे ठोकाले आले का?"

"नाही बाप्पा. ऐकून तर घे."

"काय ऐकू? कोरोनात बी असंच बोलले होते. दोन दिवस म्हणले, पंधरा दिवस झाले."

फकीरचाचा ओट्यावर बसले. बसमध्ये त्यांनी बरीच भाषणं तयार केली होती; त्यातलं एकही आठवेना. "तुही काही चूक नाही," ते म्हणाले. "चूक माही हाये. तुह्या पोरीचं नाव म्या दहा दिवसाच्या आधी सरकारले कळवाले पाह्यजे होतं. म्या कागद दाबून ठेवला. चोरून नाही, विसरलो. आता दोनच दिवस उरले. पत्रे नाही, दवाखान्यात कोंडणं नाही. फक्त..." त्यांनी अंगठा वर केला. "एवढीशी शी. आज एकदा, उद्या एकदा."

नागसेन त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "चिखलीहून? याच्यासाठी?"

"हाव."

"चार गाड्या बदलून?"

"हाव न बाप्पा."

नागसेनला हसायचं नव्हतं. पण अनुपमा पदर तोंडावर धरून आत पळाली, आणि आतून जो हसण्याचा आवाज आला त्यापुढे त्याचाही इलाज चालेना. "या मंग आत," तो म्हणाला. "चहा तर घ्या."

इथवर सगळं माणसांच्या हातात होतं. पुढचं रेवतीच्या पोटात होतं.

"मले नाही लागली," रेवतीनं जाहीर केलं.

तिला केळं दिलं. गरम दूध दिलं. पपई दिली. शेजारच्या आजीनं मनुका भिजवून आणल्या, कारण एव्हाना गल्लीला कळलं होतं की नागसेनच्या घरी सरकार शीची वाट बघत बसलं आहे. दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकावून विचारी, "झाली का?" चाचांच्या जिवाची तगमग होत होती, आणि रेवती मात्र एवढ्या लोकांचं लक्ष आपल्यावर आहे हे बघून तोंडात पपई धरून बसली होती. मधल्या वेळात प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन पाय तपासून गेले. पंजा थोडा हलत होता, पण जोर नव्हता. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. न बोलणारा डॉक्टर पाहिला की फकीरचाचांना चाळीस वर्षांच्या नोकरीनंतरही भीती वाटे.

दोन वाजून वीस मिनिटांनी कौसर आतून डबी घेऊन आली. तिनं चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि डबी बर्फात ठेवली. चाचांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला, जसा लेकराच्या डोक्यावर ठेवतात.

त्या दिवशी ते नागसेनच्याच घरी राहिले. बुधवारी सकाळी साडेसातला ते अंगणात तोंड धूत असताना आतून रेवतीची हाक आली, "आई, मले लागली!"

"लागली!" नागसेन ओरडला. अनुपमा धावली. शेजारची आजी भिंतीपलीकडून म्हणाली, "लागली म्हणते वं!" कौसर नुकतीच दारात पोचली होती. तिनं डबी काढली, घड्याळ पाहिलं, आणि डबी हातातच राहिली.

"चाचा, चोवीस तास नाही झाले."

चाचांच्या हातातला तांब्या पडला. "थांबव! पोरीले थांबव! रेवती, दाबून धर बेटा, दोन वाजेपावतर..."

चार वर्षांच्या पोरीला जगात बऱ्याच गोष्टी सांगता येतात, ही एक नाही. दोन मिनिटांत ती प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आली आणि तिनं बक्षिसाची गोळी मागितली. काल दिवसभर जिच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते, ती आज फुकट गेली होती.

चाचा ओट्यावर डोकं धरून बसले. आज शेवटचा दिवस. दोन वीसच्या नंतर हवी. आणि दोन्ही डब्या घेऊन जाणारी गाडी सहाला सुटणार होती. पोट आत्ताच मोकळं झालेल्या पोरीकडून दुपारून पुन्हा वसुली. कागद मात्र नऊ दिवस खणात आरामात झोपला होता. त्यांना वाटलं, आपण त्या एकाच दिवशी पॅड उचललं असतं. नुसतं उचललं असतं.

पुन्हा केळी आली. बागेतून संत्री आली. रेवती आता हट्टाला पेटली. संत्र्याची फोड हवी तर चाचांनी उंट होऊन दाखवायचं. गुडघे दुखणारे फकीरचाचा सोनाळ्याच्या अंगणात उंट झाले. बाजूला नागसेन म्हणाला, "चाचा, नाही झालं तर?"

"तर म्या लिहून देईन की माह्यामुळं नाही झालं."

"अन् पोरीचं?"

उंट पुन्हा चालू लागला.

तीन वाजले. चार वाजले. पाच वाजता गाडीवाला येऊन चहा पिऊन बसला आणि उगाच किल्ली वाजवू लागला. पाच पस्तीसला रेवतीनं उंटाच्या पाठीवरून वाकून त्याच्या कानात सांगितलं, "चाचा. लागली."

कौसर डबीसकट पळाली. सहाला पाच कमी असताना गाडी हलली, निळी पेटी मागच्या सीटवर, तिच्याभोवती नागसेनचा जुना टॉवेल घट्ट बांधलेला. ती वळणाआड गेली तेव्हा चाचांना एकदम भूक लागली. शकीलाची जास्तीची भाकरी दोन दिवसांत पापडासारखी वाळली होती. त्यांनी ती ठेच्याला लावून तिथंच उभ्याउभ्या खाल्ली.

घरी आल्यावर ते खुर्चीवर चढून प्रमाणपत्र उतरवू लागले. शकीलानं विचारलं, त्यांनी सांगितलं, पापडाच्या घाण्यापासून उंटापर्यंत सगळं. तिनं खुर्ची घट्ट धरली.

"राहू द्या तिथंच," ती म्हणाली. "पुसून लावा. रोज दिसलं पाह्यजे तुमाले."

पुढच्या सोमवारी त्यांनी कागदावर आधी तारीख टाकली. रकान्यात निरंकच्या जागी 'एक' लिहिताना अक्षर इतकं वाकडं आलं, की कुलदीपनं फोन करून विचारलं, एकच ना? त्या दिवसापासून सगळ्या आठवड्याचे केसपेपर चाचा बाईंसमोर एकेक करून उलटतात, मगच लिहितात. त्यामुळे फोटो जायला दहा वीस होतात. आता चिखलीत सोमवारी घड्याळ लावणारे वीस मिनिटं मागं चालतात.

नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले. रेवतीला नागसेन अकोल्याला दाखवून आला, तिथे व्यायाम शिकवले. मधल्या आठवड्यांत फोन वाजला की चाचा दोन पावलं मागं सरत आणि मग उचलत. औषधाच्या पुड्या बांधताना मोजणी चुकू लागली. बाईंनी एकदा तीनऐवजी पाच गोळ्या बांधलेली पुडी परत घेतली आणि स्वतः मोजून दिली.

एका दुपारी कुलदीपचा फोन आला. "चाचा, रेवतीचा रिपोर्ट. दोन्ही नमुने चांगल्या हालतीत पोचले. पोलिओ नाही. काहीच निघालं नाही!"

चाचांनी हातातली पुडी खाली ठेवली.

"तोंडी नको सांगू बाप्पा," ते म्हणाले. "लिहून दे."

पाय गेल्यापासून साठ दिवसांनी लेकरू परत तपासतात, असाही एक नियम आहे. अनुपमा त्याच सुमारास माहेरी आली होती. दवाखान्यात गर्दी होती. चाचा नाव लिहून घेत होते. मान वर करून बघतात, तर दारातून एक पोरगी आईचं बोट सोडून आपल्या पायांनी आत येते आहे. डावा पाय किंचित मागे, पण जमिनीवर पक्का.

चाचा उठले. खिशातल्या गोळीकडे हात गेला. त्यांनी तोंड उघडायच्या आत रेवती आईच्या मागे लपली आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मले नाही लागली!"